वाचकांचे प्रश्न : स्लाव गढ्या आणि मातीतले डाग

मागील अंकात मध्य युरोपातील स्लाव लोकांच्या (झेक, पोलिश आदी भाषा बोलणाऱ्यांच्या पूर्वजांच्या) मध्ययुगीन लाकूड-मातीच्या गढ्यांवर लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील काही प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्नांची भाषा थोडी आटोपशीर केली आहे.

प्रश्न : लेखात ‘गढी’ हा शब्द वापरला आहे. या वस्त्या किल्ले होत्या की तटबंदी असलेली गावे? आणि त्या खरोखरच टेकड्यांवर होत्या का?

उत्तर : ‘गढी’ हा शब्द सोयीसाठी घेतला आहे. झेक भाषेत अशा स्थळाला ह्रादिश्ते, पोलिश भाषेत ग्रोजिस्को आणि जर्मन भाषेत बुर्गवाल म्हणतात. पहिल्या दोन शब्दांच्या मुळाशी ‘गोर्द’ हा प्राचीन स्लाव शब्द आहे. त्याचा अर्थ कुंपणाने बंद केलेली जागा असा होतो, आणि बेलग्राद, नोव्हगोरोद या शहरांच्या नावांतही तोच शब्द दडलेला आहे. भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातील ‘गृह’ शब्दाशी जोडतात. मराठीतील ‘गढी’शी त्याचे जे साम्य कानाला जाणवते, ते मात्र पुरावा म्हणून कोणी धरू नये.

टेकडीचे म्हणाल, तर अनेक गढ्या मुळीच टेकडीवर नाहीत. आजच्या झेक देशाच्या पश्चिमेकडील बोहेमियात उंच कड्यांवरच्या गढ्या पुष्कळ आहेत, पण पूर्वेकडील मोराव्हिया प्रदेशात, मोराव्हा नदीच्या खोऱ्यात, त्या नदीच्या फाट्यांमधल्या वाळूच्या उंचवट्यांवर वसल्या, आणि जर्मनीच्या ईशान्य भागात सरोवरातील बेटांवर किंवा दलदलीच्या मध्यभागी. अल-अंदालुस म्हणजे मुस्लिम स्पेनमधील तोर्तोसा येथील इब्राहिम इब्न याकूब हा यहुदी प्रवासी सन ९६५ च्या सुमारास या प्रदेशातून गेला होता. त्याचा वृत्तान्त अकराव्या शतकातील अल-बक्री या ग्रंथकारामुळे आपल्यापर्यंत पोचला. त्यात तो सांगतो की स्लाव लोक पाण्याने आणि वेतांनी भरलेली कुरणे निवडतात, हवा तसा गोल किंवा चौकोनी आकार आखतात, त्याभोवती खंदक खणून निघालेली माती वर रचतात, फळ्या आणि लाकडे घालून ती चोपून घट्ट करतात आणि भिंत हव्या त्या उंचीला पोचली की दरवाजा ठेवून त्यापुढे लाकडी पूल बांधतात. हजार वर्षांनंतर पुरातत्त्वज्ञ त्याच भिंतींचे छेद घेऊ लागले, तेव्हा त्यांना दिसलेली बांधणी या वर्णनाशी इतकी जुळली की हा प्रवासी एखाद्या बांधकामाजवळ उभा राहिला असावा, असे मला नेहमी वाटते.

किल्ला की गाव, याचे एकच उत्तर नाही. पूर्व जर्मनीतील लुसाटिया प्रदेशातील गढ्या पन्नास-साठ मीटर व्यासाच्या, जेमतेम एखाद्या मोठ्या अंगणाएवढ्या; त्यांत कोठारे आणि विहीर असे, पण नित्याची वस्ती बहुधा बाहेरच असे. याउलट दक्षिण मोराव्हियातील ब्र्झेत्स्लाव शहराजवळच्या पोहान्स्को येथील तटबंदीने सुमारे २८ हेक्टर क्षेत्र वेढले आहे. तिच्या आत सरदाराचा वाडा, चर्च, कारागिरांच्या झोपड्या आणि दफनभूमी असे सगळे आहे. या दोन्हींना एकच नाव देताना आपण एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबत असतो, याची जाणीव ठेवावी.

प्रश्न : सगळे बांधकाम लाकडाचे होते आणि लाकूड तर कुजून गेले. मग खणणाऱ्यांना नेमके सापडते तरी काय?

उत्तर : या विषयातील हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. दगडी किल्ल्याचे उत्खनन करणाऱ्याला भिंत हाताला लागते. स्लाव गढी खणणाऱ्याला बहुतेक वेळा भिंत डोळ्यांनी ओळखावी लागते, आणि तीही मातीच्या रंगातील फरकावरून.

जमिनीत रोवलेला खांब कुजला की त्याच्या जागी वरची काळसर, सेंद्रिय माती हळूहळू उतरते आणि आजूबाजूच्या पिवळट वाळूत एक गोल डाग तयार होतो. असे डाग एका रेषेत आले की भिंत आणि चौकोनात आले की घर. म्हणून उत्खननाची जागा साधारणपणे चौकोनांत आखून घेतात (दक्षिण मोराव्हियातील मिकुल्चित्से या मोठ्या गढीच्या स्थळी पाच मीटर बाय पाच मीटरचे चौकोन वापरले गेले), थर थापीने हळुवार खरवडून सपाट करतात आणि पृष्ठभागाचे रेखाटन व छायाचित्रण करून मगच पुढचा थर काढतात. वाळलेल्या मातीत हे डाग दिसेनासे होतात. त्यामुळे पाऊस पडून गेल्यानंतरची सकाळ उत्खननाच्या कामाला सोन्यासारखी, आणि पाऊस नसेल तर पाण्याचा फवारा मारून तीच ओल निर्माण करावी लागते. सुरुवातीच्या स्लाव घरांची जमीन बरेचदा खणून खाली घेतलेली असे आणि एका कोपऱ्यात दगडांची चूल असे. अशा घराचा डाग चौकोनी आणि गडद दिसतो आणि चुलीचे तडकलेले दगड त्याची खूण पटवतात.

तटबंदीसाठी आडवा चर घेऊन तिचा उभा छेद पाहावा लागतो. प्रत्येक प्रदेशाची बांधणी निराळी. लुसाटियात ओंडक्यांचे थर एकावर एक आडवे-उभे जाळीसारखे रचून त्यांत माती आणि वाळू भरत. पोलंडमधील पोझनान आणि ग्न्येझ्नो येथे ओंडक्याला फांदीचा तुकडा आकड्यासारखा मुद्दाम ठेवलेला असे, जेणेकरून आडव्या लाकडाला अडकून तो मातीच्या दाबाखाली बाहेर सरकणार नाही. मोराव्हियात लाकूड-मातीच्या गाभ्याला बाहेरच्या अंगाने चुन्याविना रचलेल्या दगडांचा दर्शनी पडदा असे. छेदात हे सगळे तांबूस, राखाडी, काळ्या पट्ट्यांच्या रूपात वाचता येते. एखादी गढी जळून नष्ट झाली असेल, तर शास्त्रज्ञाचे दुर्दैव टळते, कारण कोळसा झालेले लाकूड कुजत नाही आणि आचेने भाजलेली माती विटेसारखी लाल होऊन बांधणीचा साचा जपून ठेवते.

याहून भाग्याची गोष्ट म्हणजे पाणी. भूजलाच्या पातळीखाली प्राणवायू पोचत नसल्याने लाकूड टिकते. मिकुल्चित्से येथे नदीच्या बुजलेल्या पात्रांत पुलांचे खांब आणि एकाच खोडातून कोरलेल्या होड्या सापडल्या. जर्मनीतील ग्रोस राडेन येथे एव्हाल्ड शुल्ट यांनी १९७३ ते १९८० या काळात खणलेल्या वस्तीत घरांच्या भिंती आणि फळ्या टाकलेले रस्तेसुद्धा ओल्या जमिनीने सांभाळून ठेवले होते.

एक विरोधाभास येथे सांगितला पाहिजे. मिकुल्चित्से येथे मोराव्हियाच्या नवव्या शतकातील राज्याची दगडी चर्च होती, पण त्या चर्चच्या भिंतीही आज जवळजवळ नाहीत. पुढच्या पिढ्यांनी पायातले दगडदेखील उपसून नेले. योझेफ पोउलिक यांनी १९५४ साली तेथे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या हाती आले ते चुन्याचा चुरा आणि दगडांच्या ढिगाने भरलेले पायाचे चर. लाकडी खांबाच्या डागावरून घर उभे करायचे आणि उपसलेल्या चरावरून चर्च, हे काम मुळात एकच आहे.

प्रश्न : एखादी गढी नेमक्या कोणत्या साली बांधली, हे इतक्या खात्रीने कसे सांगता? लेखात ‘९४० च्या सुमारास’ अशी वाक्ये आहेत.

उत्तर : झाडाच्या वार्षिक कड्यांवरून. समशीतोष्ण हवामानात ओकचे झाड दरवर्षी एक कडे घालते. चांगल्या वर्षी ते रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. एकाच प्रदेशातील एकाच जातीच्या झाडांमध्ये या रुंद-अरुंदपणाचा क्रम साधारण सारखा असतो. आजच्या झाडांपासून मागे जात, जुन्या इमारतींच्या तुळया आणि मग जमिनीतले ओंडके एकमेकांशी जुळवत, हजारो वर्षांची अखंड मालिका तयार करता येते. गढीच्या ओंडक्याचा क्रम तिच्यावर ठेवून पाहिला की तो एकाच जागी बसतो. सालीलगतचे शेवटचे कडे शाबूत असेल, तर झाड तोडल्याचे वर्ष मिळते, आणि पुष्कळदा ऋतूही. बाहेरची कडी नष्ट झाली असतील, तर अंदाज करावा लागतो. शिवाय जुने लाकूड पुन्हा वापरले गेले असेल, तर वर्ष बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो. म्हणून एका ओंडक्यावर कोणी विसंबत नाही.

या पद्धतीपूर्वी कालनिश्चिती मुख्यतः खापरांवरून होत असे, आणि खापरांवरून काढलेला काळ किती सैल असू शकतो याचे टोर्नो हे नामांकित उदाहरण आहे. लुसाटियातील हे स्थळ कोळशाच्या उघड्या खाणीपुढे नाहीसे होणार होते. त्यामुळे १९६० च्या दशकात योआखिम हेरमान यांच्या नेतृत्वाखाली ते खणले गेले. काम नेटके होते आणि त्यावरून मांडलेली कालरेषा पुढे अनेक वर्षे दूरदूरच्या गढ्यांना मापदंड म्हणून लावली गेली. तिच्यानुसार गढीची सुरुवात स्लाव वसाहतीच्या पहिल्या शतकांत होत होती. पुढे लाकडांच्या कड्यांचे मोजमाप झाले आणि या प्रकारच्या गढ्या नवव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि दहाव्या शतकात बांधल्या गेल्याचे दिसून आले.

दोनशे वर्षांचा हा फरक केवळ तक्त्यातला नाही. गढ्या सातव्या शतकातल्या मानल्या तर त्या नव्याने आलेल्या, स्थिरावू पाहणाऱ्या लोकांच्या ठरतात. त्या ९०० च्या आसपासच्या ठरल्या की त्यांच्या पश्चिमेला उभी असलेली पूर्व फ्रँकांची आणि मग सॅक्सनांची सत्ता लक्षात घ्यावी लागते, कारण राजा पहिला हाइनरिश याने ९२८-९२९ च्या मोहिमेत ब्रांडेनबुर्गची गढी काबीज केली होती. तीच तटबंदी, तेच ओंडके, पण लहानशा टोळीच्या शांत सुरुवातीऐवजी आता तेथे घाईने उभारलेले संरक्षण दिसू लागते. माझ्या मते या क्षेत्रातील गेल्या अर्धशतकातील सर्वांत मोठे काम एखाद्या नव्या गढीच्या शोधाने झालेले नाही, ते जुन्या गढ्यांच्या या नव्या तारखांनी केले आहे.

पोलंडमध्येही असेच घडले. राज्य शतकानुशतके हळूहळू घडत गेले, अशी पूर्वी समजूत होती. ग्न्येझ्नोच्या तटबंदीचे लाकूड ९४० च्या सुमारास तोडलेले निघाले. त्याच दशकांत आसपासच्या अनेक जुन्या गढ्या जळून ओस पडल्या आणि काही मोजक्या ठिकाणी प्रचंड नव्या तटबंद्या उभ्या राहिल्या. ऑस्ट्रुव लेद्नित्स्की बेटाला जोडणाऱ्या पुलांचे लाकूड ९६३-९६४ चे आहे, म्हणजे पोलंडचा शासक म्येश्को याने ९६६ मध्ये बाप्तिस्मा घेण्याच्या अगदी आधीचे. एका पिढीत आणि बळाने घडलेल्या राज्याचे हे चित्र राष्ट्रीय इतिहासाला सुखावणारे नसले, तरी लाकडाची साक्ष तशी आहे.

कार्बन-१४ ची पद्धत (अवशेषांतील किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढण्याची) जेथे कडी मोजण्याजोगे लाकूड नाही तेथे वापरतात, पण तिचे उत्तर काही दशकांच्या पट्ट्यात येते आणि या काळातील प्रश्न अनेकदा दहा-वीस वर्षांचेच असतात.

प्रश्न : जमिनीतील खापर स्वतःचे नाव सांगत नाही. मग ही वस्ती ‘स्लाव’ लोकांचीच होती, हे कशावरून?

उत्तर : काही ठिकाणी लेखी साधने आहेत. नवव्या शतकातील एका लॅटिन यादीत स्लाव जमाती आणि प्रत्येकीच्या गढ्यांची संख्या दिलेली आहे, आणि फ्रँकांच्या बखरींत गढ्यांची व राजांची नावे येतात. जेथे अशी नोंद नाही तेथे खापरांचा आधार घेतात. जर्मन वैद्य आणि मानवशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकात लाटांसारख्या रेषा कोरलेली स्लाव काळातील खापरे ही त्याच टेकाडांतील कितीतरी जुन्या खापरांपासून वेगळी काढून दाखवली. तो भेद आजही टिकून आहे.

मात्र खापरांवरून वंश ठरवण्याच्या मोहाने या विषयाचे नुकसानही केले. पोलंडमधील बिस्कुपिन येथे १९३३ साली एका शिक्षकाने सरोवराकाठच्या दलदलीतून वर आलेल्या लाकडांकडे लक्ष वेधले. योझेफ कोस्त्झेव्स्की यांनी पुढल्या वर्षी उत्खनन सुरू केले आणि ती वस्ती स्लावांच्या पूर्वजांची असल्याचे मांडले. त्या प्रदेशाच्या मालकीवरून जर्मन आणि पोलिश विद्वानांत वाद चालूच होता. त्यामुळे हे मत सीमारेषेचा पुरावा म्हणून वाचले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच जागी नाझींच्या एसएस संघटनेच्या पुरातत्त्वज्ञांनी नेमका उलट निष्कर्ष काढण्यासाठी खोदकाम केले. कड्यांच्या मोजणीने तेथील बरेचसे ओक इसवी सनापूर्वी ७३८ च्या हिवाळ्यात तोडल्याचे ठरले, म्हणजे स्लावांचे नाव इतिहासात येण्याच्या बाराशे वर्षे आधी. आज ते स्थळ लुसाटियन संस्कृतीचे मानतात आणि त्यावर कोणत्याही भाषेचा शिक्का मारत नाहीत.

दोन अलीकडच्या गोष्टी येथे सांगण्याजोग्या आहेत. ब्र्झेत्स्लावजवळच्या लानी येथे २०१७ मध्ये सन ६०० च्या सुमारास वसलेल्या सुरुवातीच्या स्लाव वस्तीत गाईच्या बरगडीचा एक तुकडा सापडला. त्यावर जुन्या जर्मनिक रून लिपीतील शेवटची अक्षरे कोरलेली होती. २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. स्लाव खापरे, स्लाव घरे आणि जर्मनिक अक्षरे एकाच ठिकाणी आल्यावर ‘एक खापर म्हणजे एक जमात’ हे समीकरण फार काळ टिकत नाही. दुसरी गोष्ट प्राचीन डीएनएची. सांगाड्यांच्या अभ्यासातून सहाव्या ते आठव्या शतकांत पूर्वेकडून मोठे स्थलांतर झाल्याचे चित्र पुढे येत आहे. अडचण एवढीच, की सुरुवातीचे स्लाव आपल्या मृतांचे दहन करीत आणि राखेतून डीएनए मिळणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे पहिल्या पिढ्यांबद्दल हे तंत्र थेट काही सांगू शकत नाही, त्यांच्या वंशजांवरून मागे अनुमान करावे लागते.

प्रश्न : सोने आणि नाणी सापडतात का?

उत्तर : सोने मुख्यतः कबरींतून. मिकुल्चित्सेमध्ये सुमारे अडीच हजार कबरी उघडल्या गेल्या आहेत, आणि मुख्य चर्चभोवतीच्या पाचशेहून अधिक कबरींपैकी काहींत तलवारी, घोडेस्वाराच्या टाचेला बांधायचे सोनेरी मुलाम्याचे काटे, सोन्या-चांदीची बारीक कुसरीची कर्णभूषणे आणि पोकळ गोल गुंड्या होत्या. नाणी मात्र मोराव्हियाच्या राज्याने पाडलीच नाहीत. त्यांच्या जागी कुऱ्हाडीच्या आकाराचे लोखंडी गज सापडतात आणि ते मूल्याचे माप म्हणून फिरत असावेत असे मानतात. उत्तरेकडे अरबी चांदीचे दिर्हम सापडतात, पण ते तुकडे करून वजनावर चालत. नाण्यावर कोणाचा शिक्का आहे, याला तेथे महत्त्व नव्हते.

प्रश्न : ग्रोस राडेन येथे मंदिर सापडले, असे लेखात वाचले. ते मंदिरच होते, हे कशावरून?

उत्तर : लेखात हे वाक्य जरा जास्त ठाम लिहिले गेले होते. घराच्या मानाने मोठी अशी एक इमारत, तिच्या बाहेरच्या अंगाला उभ्या फळ्या, त्या फळ्यांची वरची टोके डोक्याच्या आकारात कोरलेली, आणि जवळ घोड्यांच्या कवट्या, इतका पुरावा आहे. बाल्टिक किनाऱ्यावरच्या स्लावांमध्ये घोडा पवित्र मानत, हे डॅनिश इतिहासकार साक्सो याच्या लिखाणातून कळते. ११६८ मध्ये डेन राजा पहिला वाल्देमार याने र्‍यूगेन बेटावरची आर्कोनाची गढी जिंकून स्वान्तोव्हित देवाची मूर्ती तोडली, तो प्रसंग साक्सोने सविस्तर सांगितला आहे. पण साक्सोचे वर्णन बाराव्या शतकातले आणि ग्रोस राडेनची इमारत त्याहून दोन-अडीच शतके जुनी. एकाच्या प्रकाशात दुसरे वाचले, तर दिसायचे तेच दिसते.

आर्कोनाचा अनुभवही सावध करणारा आहे. कार्ल शुखहार्ट यांनी १९२१ मध्ये तेथे मंदिराचा पाया सापडल्याचे जाहीर केले. नंतरच्या अभ्यासकांनी ते मान्य केले नाही, कारण चुनखडीचा तो कडा सतत समुद्रात कोसळत आला आहे आणि खरे मंदिर ज्या जागी होते ती जागा बहुधा पाण्यात गेली आहे. तेथे आज जे खोदकाम होते, ते उरलेला भाग कोसळण्याआधी नोंदवून ठेवण्यासाठी.

प्रश्न : मिकुल्चित्सेसारखे स्थळ इतकी वर्षे खणले जात असूनही पुरे का होत नाही? एकदाच सगळे खणून का काढत नाहीत?

उत्तर : कारण खणलेला थर पुन्हा खणता येत नाही. खांबाचा डाग थापीखाली गेला की तो फक्त कागदावर उरतो, आणि कागदावर काय उतरवायचे हे त्या पिढीला जे प्रश्न सुचले त्यावर ठरते. पन्नाशीच्या दशकात मोठमोठी क्षेत्रे वेगाने उघडली गेली आणि ती नसती उघडली तर त्या राज्याबद्दल आपल्याला फार थोडे कळले असते, हे खरे. पण जळलेले धान्य पाण्यात तरंगवून वेगळे करणे, माती बारीक चाळणीने चाळणे, प्रत्येक थरातून नमुने राखणे हे तेव्हा सर्रास होत नव्हते. त्या जागांतील बाजरीचे दाणे आणि माशांचे काटे मातीच्या ढिगाऱ्याबरोबर गेले.

म्हणून आता मोजकी जागा उघडतात आणि उरलेली विमानातून केलेल्या लेझर मोजणीने व चुंबकीय सर्वेक्षणाने न खणताच वाचण्याचा प्रयत्न करतात. नोंदी आणि वस्तूदेखील सुरक्षित नसतात, याचा धडा सप्टेंबर २००७ मध्ये मिळाला. त्या वेळी मिकुल्चित्से येथील संशोधन केंद्र आगीत जळाले आणि तेथे साठवलेल्या उत्खनित वस्तूंचे व कागदपत्रांचे मोठे नुकसान झाले. खणून बाहेर काढलेल्या कित्येक लोखंडी वस्तू त्या आगीत गेल्या. न खणलेल्या चौकोनांतल्या मात्र अजून जागच्या जागी आहेत.